आजारी मासा

ह्यांचे कान लूमवर गेले. भिवंडीत तेव्हा कापडाच्या कारखान्यात मागावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांचे जात. लूम चालू असताना ओरडूनही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ बघून बोलणं ओळखायची. ह्यांना ते इतकं जमायचं की रस्त्यापलीकडे दोन बायका कशावरून भांडतायत ते मला घरात बसून सांगायचे. आम्ही कामगारांच्या बायकाही मग एक शिकलो होतो. नवऱ्याला कळू द्यायचं नसेल ते भिंतीकडे तोंड करून बोलायचं. मी रोज बोलायचे. माणूस समोर असून मन मोकळं करायची ती चांगली सोय होती.

आणीबाणी उठली त्या वर्षी ह्यांची छाती गेली. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत. ह्यांना म्हणाला, आराम करा. आता बहिऱ्या माणसाने आराम करायचा म्हणजे काय करायचं? रेडिओ ऐकू येत नाही, वाचायला दोघांनाही जेमतेम यायचं. छताचे पत्रे बघत पडून असायचे. एक दिवस म्हणाले, "त्या काचवाल्याकडं मासं हायत. एक घेऊ. बघायला काय तरी होईल."

हा काचवाला फोटोंना फ्रेम करायचा आणि काचेच्या पेट्या बनवून त्यात मुंबईहून आणलेले मासे विकायचा. आम्ही गेलो. चालून ह्यांना धाप लागली, म्हणून त्याने एका पेटीच्या पलीकडे बसायला स्टूल दिलं. लाल मासे पुष्कळ होते, स्वस्त होते. ह्यांनी बोट दाखवलं ते समोरच्याच, वेगळ्या ठेवलेल्या पेटीतल्या एकट्या माशाकडे. पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, तळहाताएवढा.

"ये समंदर का है भाभी, खाऱ्या पाण्यातला," काचवाला म्हणाला. "पानी मैं दूंगा, ड्रम भरलाय."

माझं माहेर कशेळीचं, खाडीवरचं. मासा घ्यायला मला कोणी शिकवायला नको. कल्ला उचलून लाल आहे का बघायचा, डोळा बघायचा, पोट दाबायचं. पण ते सगळं मेलेल्या माशाचं. जिवंत कसा पारखतात ते मला ठाऊक नव्हतं. मी वाकून बघत राहिले. तो कोपऱ्यात तोंड वर करून उभा होता. कल्ले भराभर हलत होते. अंगावर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके होते.

"हा आजारी आहे," मी म्हटलं.

"नया पानी है, इसलिए सुस्त है. दोन दिवसांत पळेल बघा."

"पळेल कुठे, वरती? श्वास बघा त्याचा."

"भाभी, आधे में ले जाओ."

"आधे में कशाला, फुकट दिलात तरी नको. मरायला टेकलेला एक आहे घरात. त्यात हा दुसरा नेऊन कोणाकोणाचं करू?"

काचवाला हसला नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता, पेटीच्या पलीकडे बघत होता. तेव्हा मी मान वर केली. पेटीतल्या पाण्याच्या आरपार हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मासा बघण्याच्या नादात मी ह्यांच्याकडे तोंड करून बोलले होते.

डॉक्टरने सांगितलेलं मी तोपर्यंत ह्यांना सांगितलं नव्हतं.

हे उठले. "न्हाय नको. चल," म्हणाले. वाटेत एकदा थांबले, ते धाप लागली म्हणून. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन तोच मासा घेऊन आले. आजारी आहे हे पक्कं ठाऊक असून घेतला. काचवाल्याने पेटी दिली, खारं पाणी दिलं, भाव केला नाही. पेटी खाटेजवळ ठेवली. ह्यांनी कूस बदलून बघितलं आणि बघतच राहिले. मला बरं वाटलं. मी खाली बसून म्हटलं, "काल मी उगाच बोलले, मनावर घेऊ नका."

मला तोंड उघडताना बघून ह्यांनी डोळे मिटले.

मासा चार दिवस जगला. चारही दिवस हे त्याला बघत होते. मेला तेव्हा म्हणाले, "काढ तो, वास येल." मी काढला.

हे त्यानंतर पावसाळाभर होते. जेवण, औषध, लघवी, सगळं मी हाताने खुणा करून विचारायचे आणि हे नीट उत्तर द्यायचे. पण मी बोलायला लागले की डोळे मिटायचे. चिडून नाही, शांतपणे. ऐकणाऱ्या माणसाला कान झाकता येतात, पण आवाज आत जातोच. ह्यांचं तसं नव्हतं. डोळे मिटले की मी संपले.

मला माफी मागायची होती. त्याची खूण मला येत नव्हती.