काशिनाथच्या कवटीतली भेग

आधीच सांगते – अंगारे-धुपारे मानणारी बाई मी नाही. आजही नाही. त्यामुळे 'मॅडमना भगताची प्रचीती आली' अशा कमेंट कृपया नकोत.

मी जव्हारच्या एका खासगी सेंटरमध्ये सीटी स्कॅन काढते. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, सूर्यमाळच्या काशिनाथला आणलं. आंब्यावरून पडला होता. सोबत बायको, जनी. त्याची शुद्ध येत-जात होती. स्कॅन काढला... कानाच्या वर हाडाला भेग आणि आत रक्ताचा गोळा, मेंदूला एका बाजूला ढकलणारा. आमचे रेडिओलॉजिस्ट ठाण्यात बसून नेटवर फोटो बघतात. त्यांचा लगेच फोन आला, "नाशिकला पाठवा. ऑपरेशन लागेल."

जनीला मी बजावलं, वाटेत गाडी कुठेही थांबवायची नाही. तिने मान डोलावली आणि मोखाड्याच्या नाक्यावर गाडी थांबवलीच. घरच्यांनी फोन करून भगताला तिथे बोलावून ठेवलं होतं. म्हाताऱ्याने काशिनाथच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि गाडी पुढे गेली. हे मला नंतर कळलं. कळल्यावर डोक्यात तिडीक गेली.

पण नाशिकच्या स्कॅनमध्ये काहीच नव्हतं. रक्त नाही. भेगही नाही. काशिनाथ उठून बसला होता, चहा मागत होता.

आमचे मालक म्हणाले, "फोटो अदलाबदल झाले असं लिहून दे, विषय संपव." मी नाही लिहिलं. काशिनाथच्या कपाळात लहानपणी शिकारीच्या बंदुकीचा छर्रा घुसलाय, अजून कातडीखाली आहे. दोन्ही स्कॅनमध्ये तो त्याच जागी दिसतो. म्हणजे डोकं एकच. रेडिओलॉजिस्टही म्हणाले, "रक्त कधीकधी पसरून विरतं, मान्य. पण हाड? ते काही तासांत जुळत नाही."

खरा घोळ पुढेच. पाड्यापाड्यांवर बातमी गेली – मशीन खोटी, भगत खरा. लगेच एका बाईच्या डोक्याला मार लागला, तर तिला आधी भगताकडे नेलं. नशिबाने वाचली. मला राहवेना. मी सूर्यमाळ गाठलं.

भगताच्या अंगणात माणसं जमली. जनी म्हणाली, "ताई, रागवू नको. भगतानं हाड जोडला. आमी डोळ्यानं बघला."

"हात ठेवलेला बघितलास. हाड मी बघितलंय." मग मी म्हाताऱ्याकडे वळले. "बाबा, तुम्हीच सांगा. जोडलंत हाड?"

तो म्हणाला, "मना नाय ठावं, बाय. रोज ठेवतो तसा हात ठेवला. कितीक जणांवर ठेवला, ती मेली."

मी जमलेल्या माणसांकडे हात केला.

"हे यांना सांगा ना मग."

"सांगितला की," तो म्हणाला आणि जनीकडे बघितलं. "डोक्याला लागला तं आधी ताईकडं न्या. मी कुठं पळून नाय जात."

आता तिकडचे पेशंट थेट येतात. मालक मात्र अजून अधूनमधून ते अदलाबदलीचं लिहून सही करून द्यायचं काढतात. भेग कशी गेली? मला माहीत नाही. भगतालाही नाही – निदान तो तसं चारचौघांत कबूल तरी करतो. पण भेग होती. मी बघितली. सहीच हवी असेल तर यावर घ्या.