रोहित पाहुणे, कोल्हा शेजारी

खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले की आमची मुलुंडची अख्खी सोसायटी गच्चीवर जमायची. परबकाका एकटे खाली, मागच्या भिंतीपाशी, तिवरांच्या झाडीत डोळे लावून उभे. तिथे कोल्हे होते. "गो, ते पावणे," मला म्हणायचे, "चार म्हयने मिरवतले नि जातले. कोल्हो हयलो, हयच रवतलो."

बँकेतून निवृत्त झालेला माणूस, सणकी एक नंबरचा. गुलाबी पक्ष्यांचं कुणी कौतुक केलं की यांचं सुरू: "पाणी चढला तर त्येंका पंख आसत. ह्येका चारच पाय." तुमचा कोल्हा पायपुसण्यासारखा दिसतो हो, म्हणून आम्ही चिडवायचो. "दिसूं दे. कुर्ल्यो खाता, उंदीर मारता, तुमच्या वाटेक जाणा नाय."

त्या भिंतीला भगदाड होतं. उधाणाचं पाणी तिवरांत चढलं की कोल्हे त्यातून आमच्या मागच्या उंचवट्यावर येत, ओहोटी लागली की परत जात. काकांनी हे वर्षानुवर्षं पाहिलेलं, मलाही एकदा नेऊन दाखवलेलं. एका सकाळी पिल्लांसकट कोल्ही कुणाला तरी दिसली, ग्रुपवर बोंब झाली, मीटिंग बोलावली. काकांनी चक्क हात जोडले. "पावसाळो जाऊं दे. पिल्लां ल्हान आसत. मगे बुजवा."

मी सेक्रेटरी. मला त्यांचं पटत होतं, अगदी पटत होतं. पण सगळ्या बिल्डिंगशी वाकडं कोण घेणार? केली सही. भगदाड बुजवलं आणि वर पेंटर आणून भिंतीवर फ्लेमिंगो काढून घेतले. झकास दिसतात. लोक फोटो काढतात.

खरे फ्लेमिंगो पावसाआधीच निघून गेले. जुलैतल्या मोठ्या उधाणानंतर काकांनी मला खाली बोलावलं, भिंतीला शिडी लावली आणि म्हणाले, बघ. पलीकडे चिखलात दोन पिल्लं मरून पडली होती. बुजवलेल्या नेमक्या त्या जागी नखांचे ओरखडे होते. कोल्ही जरा लांब उभी होती, मला बघूनही हलेना.

मला रडू फुटलं. "काका, चुकलं हो माझं."

शिव्या घालतील असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्येंका म्हायत नव्हता," ते म्हणाले. "तुका म्हायत होता गो."

महिन्याभरात ते दहिसरला मुलीकडे गेले. माझा फोन त्यांनी कधी उचलला नाही. गेल्या वर्षी वारले. मी भेटायला गेले तर मुलगी म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत सोसायटीतल्या एकेकाची आठवण काढायचे." मग चहा पुढे करत तिने विचारलं, "तुम्ही कोण म्हणालात?"