तीनदा वाजेल, उचलू नका

डॉ. वसमतकर गेल्याचं मला फोनवरच कळलं. दुसऱ्या कशावर कळणार? मलकपेठेतल्या आमच्या एसटीडी बूथमध्ये मी दिवसभर फोनाशेजारीच बसलेली असते. त्यांच्या मुलाचा आवाज होता. मी सगळं नीट ऐकलं, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि मग रडले. डॉक्टर असते तर म्हणाले असते, "पळाला नाहीत ना? मग झालं."

कारण एके काळी मी पळत होते. बूथ नवाच होता. गल्लोगल्ली पिवळे बोर्ड नुकते लागू लागले होते. त्याच फोनवर एका दुपारी पोलिसांनी मला सुधीरच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, अपघाताची बातमी दिली. तो जागीच गेला होता. त्यानंतर घंटी वाजली की मी थेट रस्त्यावर! गिऱ्हाईक ओरडायचं, "अम्मा, फोन बज रा, कायकू भाग रे?" शेवटी मी रिसीव्हर काढूनच ठेवू लागले. शेजारपाजारचे निरोप आमच्याकडेच यायचे, लोक चिडले. यजमानांचा कारखाना आधीच बंद पडलेला, घर बूथवर चाललेलं. "धसका घेतलाय तिनं, विसरेल हळूहळू," असं जो तो म्हणायचा. विसरायला माझा भाऊ म्हणजे काय छत्री होती?

डॉक्टरांचा मानसोपचाराचा दवाखाना कोठी भागात. वर्षभर त्यांनीही गोळ्याच दिल्या, वर सुधीरचं नाव घरात काढू नका असं बजावलं. मी काउंटरवर पेंगायची आणि घंटी वाजली की पेंगत पेंगत पळायची. एकदा डोकं फिरलं, गोळ्यांची पुडी त्यांच्या टेबलावर आपटली. म्हटलं, "झोप नको डॉक्टर, मला बूथ चालवायचाय!" त्यांनी पुडी उचलून खणात टाकली. म्हणाले, "आम्हाला हेच शिकवलं होतं, बाई. विसरायला लावा म्हणून. चुकलं माझं." एवढ्या वयाच्या डॉक्टरांनी असं म्हणावं! मग त्यांनी पहिल्यांदा विचारलं, सुधीर कसा होता. मी तासभर बोलले. बाहेर रांग खोळंबली होती. निघताना म्हणाले, "उद्या सकाळी अकराला मी फोन करीन. तीनदा वाजेल. उचलू नका. फक्त पळू नका."

पहिल्या दिवशी मी पायरीपर्यंत पळाले. दुसऱ्या दिवशी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले, घामानं पदर भिजला. रोज अकराला तीन घंट्या, एक दिवस खाडा नाही. महिना उलटून गेल्यावर कधीतरी तिसऱ्या घंटीला माझा हात आपोआप गेला. पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, "सुधीरची बहीण."

तेराव्यानंतर काकूंना, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीला, भेटायला गेले. डॉक्टर गेल्याचा इस्पितळातून आलेला फोन त्यांनीच घेतला होता. आम्ही बोलत असताना फोन वाजला आणि काकू ताडकन उठून आतल्या खोलीत गेल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मुलगा म्हणाला, "हे रोजचंच. कनेक्शनच काढून टाकतो आता." "नक्को रे बाबा!" मी जवळजवळ ओरडलेच. मग दाराशी जाऊन म्हटलं, "काकू, उद्या अकराला वाजला तर मीच. तीनदा वाजेल. उचलू नका."

त्याला आज सतरा दिवस झाले. रोज अकराला मी नंबर फिरवते, तीन घंट्या मोजते आणि ठेवते. काल मुलगा बूथवर आला होता. म्हणाला, आई अजून आत जाते, पण कडी लावत नाही.