आत्मारामाच्या गाडीचा पिस्टन

आंजर्ल्याच्या गॅरेजवाल्या आत्मारामाला इंजिनाचं काही विचारलं आणि त्याला उत्तर आलं नाही, असं २००३ साली पहिल्यांदा झालं. विचारणारा परका नव्हता. त्याच्या विधवा बहिणीचा, सावित्रीचा, एकुलता एक मुलगा यज्ञेश. मुरुडच्या वाळूत मोटरसायकलींची शर्यत होती आणि या पठ्ठ्याला ती जिंकायचीच होती.

"मामा, मुंबईत इंजिनाला नायट्रस देतात. गाडी सुसाट सुटते. तो आपल्याला कुठला मिळायला? तुझ्याकडं वेल्डिंगचा ऑक्सिजन आहे, तोच दे लावून."

आत्माराम चक्रावला. नायट्रस म्हणजे भूल द्यायचा गॅस, एवढं त्याला ठाऊक. माणसाला आडवं करणारा गॅस इंजिनाला पळवील कसा? दापोलीच्या भूल देणाऱ्या डॉक्टर नीरजाताई स्कूटर घेऊन आल्या, तेव्हा त्यानं त्यांनाच गाठलं.

"अहो, त्यातही ऑक्सिजनच असतो," त्या म्हणाल्या, "पण तिसरा हिस्सा. बाकीचा नायट्रोजन, तो जळत नाही."

झालं, डोक्याला आणखी भुंगा. तिसऱ्या हिश्श्यानं गाडी पळते, तर अख्ख्यानं तिप्पट पळायला हवी. मग मुंबईवाले काय खुळे आहेत?

तरी भाच्याला नाही म्हणवेना. बापाविना वाढलेला पोर, कधी काही मागितलेलं नाही. पण पोराच्या जिवाशी खेळ नको, म्हणून त्यानं आधी आपलीच गाडी स्टँडवर चढवली आणि ऑक्सिजनची नळी कार्बोरेटरशी धरली. गाडी किंचाळली आणि जागीच मेली. उघडून बघतो तर पिस्टनला रुपयाएवढं भोक.

वीस वर्षं ह्याच ऑक्सिजननं आत्माराम जाड लोखंड जाळून कापत आला होता, मग पिस्टन काय टिकणार? हाताला जे ठाऊक होतं ते डोक्याला सुचलं नाही, ह्याची त्याला लाज वाटली.

यज्ञेश म्हणाला, "मग नायट्रसच मागवतो मुंबईहून. त्यानं भोक पडत नाही म्हणे."

"का पडत नाही?"

"ते मला काय ठाऊक? पण पडत नाही."

"मग नको. मला कळत नाही ते मी तुझ्या बुडाखाली ठेवणार नाही."

यज्ञेश शर्यतीत सहावा आला आणि महिनाभर मामाशी बोलला नाही. आत्माराम रोज पायी गॅरेजात जात होता. एकदा वाटेत सावित्रीनं अडवलं.

"दादा, तुमचं दोघांचं बिनसलं कशावरून?"

"मलाही नीट कळलेलं नाही गो," तो म्हणाला. "पण पोर धड आहे ना?"