आत्याबाईंच्या मापाची कार्बाइन

खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फुटून टाकेही घालून घेतले. त्यातलं बरंच आता धूसर झालं आहे. नेवासा तालुक्यातलं कार्बाइनचं प्रकरण मात्र विसरू म्हटलं तरी विसरत नाही, कारण त्या दिवशी पहिल्याच स्वतंत्र ठाण्यावर माझी फौजदारी जाता जाता राहिली.

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. नगरला लष्कराची छावणी असल्यामुळे आमच्या जिल्ह्यात जरा जास्तच दक्षता होती. लष्करी हत्यार कुठे बाहेर दिसल्याची कुणकुण लागली तरी ताबडतोब वर कळवा, असे आदेश होते. मी नवा होतो, उत्साही होतो, आणि अशी कुणकुण माझ्याच हद्दीत लागावी अशी मनातून इच्छाही असावी.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत बसलो होतो. एक माजी सैनिक आला. वय पन्नाशीचं, मिशा पिळलेल्या. टाचा जुळवून त्याने कडक सलाम ठोकला आणि हवालदाराकडे बघत म्हणाला, “फौजदार सायबांशी एकट्याशी बोलायचंय.”

हवालदार कपाळाला आठ्या घालून बाहेर गेला आणि दाराआडच थांबला.

“साहेब, आमच्या रस्त्यापलीकडं बागाईतदाराची वस्ती हाय. तिथं कारबाईन हाय. एक न्हाई, तीन.”

“तुम्ही स्वतः पाहिल्या?”

“ह्या डोळ्यांनी. म्हातारी खांद्याला लावून गोठ्याकडं नेम धरत हुती.”

“कोण म्हातारी?”

“बागाईतदाराची कारभारीन की. मागनं सून तिला कोपर वर करा म्हनून सांगत हुती.”

मी म्हणालो, “साधी बंदूक असेल. छऱ्याची.”

त्याला ते लागलं. “साहेब, उभी उमर पलटनीत गेली. कारबाईन मला वळखू येत न्हाई व्हय? आखूड नळी, बसका दस्ता. गावातल्या सुतारानं पोत्यात गुंडाळून आनून दिल्या.”

कार्बाइन म्हणजे आखूड नळीचं हत्यार. गोळी पिस्तुलाची, पण झाडायची खांद्याला लावून. लष्करात आणि आमच्या खात्यात जी असते ती खासगी माणसाला ठेवताच येत नाही. त्यात आणखी एक गोष्ट होती. त्याच बागाईतदाराचा शेतीच्या राखणीसाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे आलेला होता. एका बंदुकीचा परवाना मागायचा आणि घरात तीन कार्बाइन बाळगायच्या! मला प्रकरण अगदी स्वच्छ दिसू लागलं. नवख्या फौजदाराला प्रकरण स्वच्छ दिसू लागलं की सावध व्हावं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

सुताराला बोलावून घेतलं. साधा माणूस. कानावर पेन्सिल तशीच ठेवून आला होता.

“बागाईतदाराच्या वस्तीवर बंदुका तू पोचवल्यास?”

“व्हय साहेब.”

इतक्या लवकर कबुली मिळेल असं वाटलं नव्हतं. मी हवालदाराला लिहून घ्यायची खूण केली.

“किती?”

“तीन. आखूड, मधली आन लांब. आखूड आत्याबाईंच्या मापाची, मधली सूनबाईंच्या, लांब मालकांच्या.”

“तूच बनवल्यास?”

“मीच. दुसरं कोन बनवनार गावात?”

“आणि लोखंडाचं काम कोण करतं?”

सुतार गोंधळला. “लोखंड कशाला लागतंय, साहेब?”

“हुशारी करू नकोस! लोहाराचं नाव सांग.”

“लोहाराचा काय संबंध न्हाई. एक खिळाबी मारला न्हाई मी. समदं कुसात, खाचेला खाच घालून बसवलंय.”

मी हवालदाराकडे पाहून मान हलवली. सुतार लोहाराला वाचवतोय हे उघड होतं. मी सूर बदलला, चहा मागवला आणि मायेने विचारलं, “हे बघ, त्यांच्यातून आतापर्यंत गोळी सुटली का कधी?”

“न्हाई,” तो चहा फुंकत म्हणाला, “पर आत्याबाई रोज दाबत्यात.”

मी लगेच नगरला ट्रंक कॉल लावला. लाइन लागेपर्यंत मी काय बोलायचं ते दोनदा मनात घोकलं होतं. डीवायएसपी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी लष्कराचा अधिकारी घेऊन निघतो. तोवर माल हलू देऊ नका.”

दोन पंच, हवालदार आणि तीन शिपाई घेऊन मी वस्तीवर पोचलो. बागाईतदार अंगणात बैलाच्या गळ्यात घुंगरं बांधत होते. उंच, रुंद खांद्यांचा, आवाजाने भारी माणूस. आम्हाला बघून आनंदाने म्हणाले, “या, या! परवान्याची चवकशी ना? येवढी मानसं कशाला आनली?”

“घराची झडती घ्यायची आहे.”

त्यांचा चेहरा पडला. घरातून त्यांची कारभारीण बाहेर आली. सगळी वस्ती तिला आत्याबाई म्हणत असे. ठेंगणी, नऊवारीचा काचा मारलेला. आमच्याकडे एकदा बघितलं आणि ती झटकन आत गेली. आम्ही मागोमाग गेलो, तर बाई मधल्या खोलीतल्या मोठ्या लोखंडी पेटीवर मांडी घालून बसलेली.

“आत्याबाई, उठा.”

“न्हाई उठायची. माज्या माहेरची लुगडी हायेत ह्यात.”

“लुगडीच बघायची आहेत आम्हाला.”

“परक्या बाईची लुगडी बघतोस? लाज न्हाई वाटत? आई हाय का न्हाई तुला?”

आई आहे, असं मी उत्तर दिलं. झडतीत असं उत्तर द्यायचं नसतं. त्यावर आईचं माहेर कुठलं, ती काय करते, मुलगा असले धंदे करतो हे तिला माहीत आहे का, असे प्रश्न सुरू झाले. उलटतपासणी कुणाची चालली आहे ते पंचांना कळेना. शेवटी सून पुढे झाली. शिकलेली, नगरची मुलगी. नवरा नगरला नोकरीला होता, सुट्टीला येई. ती शांतपणे म्हणाली, “आत्याबाई, उठा आता. लपवलं म्हणून तर संशय आला.”

आत्याबाई उठल्या. हवालदाराने झाकण उघडलं. लुगड्यांखाली पोतं होतं आणि पोत्यात तीन काळ्या कार्बाइन.

मी ओरडलो, “हात लावू नका! भरलेल्या असतील!” पंच उंबऱ्याबाहेर पळाले. हवालदार अनुभवी होता. त्याने हळूच एक उचलली, नळी भिंतीकडे केली, मग कपाळाला आठी घालून ती वरखाली तोलली. तिला नखाने खरवडलं. नंतर माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, “साहेब, कडुनिंब हाय.”

त्याचे दोन्ही तळवे काळे झाले होते. मिशीवर हात फिरवायची त्याला सवय होती, त्यामुळे पांढरी मिशीही काळी झाली.

“काजळी हाय ती,” आत्याबाई म्हणाल्या. “एरंडेलात कालवून मीच लावली. पांढरी बंदूक बरी दिसती व्हय?”

मग सुनेने सगळा उलगडा केला. ती कॉलेजात असताना एनसीसीत होती, नेमबाजीत बक्षिसं मिळवलेली. नगरच्या एका रायफल क्लबाची स्पर्धा पुढे होती, तिथे तिला उतरायचं होतं. सासऱ्यांना उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी बंदूक हवी होती. रात्रपाळीचं पाणी द्यायला पुरुष मळ्यात गेले की वस्तीवर सासू-सून दोघीच, म्हणून आत्याबाईंना जवळ काहीतरी हवं होतं. घरात हत्यार एकच येणार, म्हणून ते तिघांच्या उपयोगी पडलं पाहिजे, यावर सहा महिने वाद चालला होता.

“बारा बोअरची बंदूक घ्या म्हणून मामंजींचा हट्ट. तिच्या धक्क्याने आत्याबाई मागे पडतील,” सून सांगत होती. “लांब रायफल घेतली तर त्यांचा हात खटक्यापर्यंत पोचत नाही. पुण्याच्या दुकानदाराकडे एक जुनी आखूड रायफल आहे. तिलाही कार्बाइनच म्हणतात. पिस्तुलाची गोळी, धक्का कमी. पण लष्करासारखी आपोआप चालत नाही. दर गोळीला हाताने दांडा ओढावा लागतो, म्हणून तिचा परवाना मिळतो. क्लबाच्या जवळच्या अंतराच्या स्पर्धेत चालते. घ्यायच्या आधी कुणाच्या खांद्याला किती लांबीचा दस्ता बसतो ते कळावं, म्हणून सुतारकाकांकडून मापं करून घेतली.”

“पिस्तुलाची गोळी!” सासरे उखडले. “डुकराला गुदगुल्या व्हतील.”

“तुमी तरी डुकराला काय लावलंय आजवर?” आत्याबाई म्हणाल्या. “पत्र्याचा डबाच वाजवलाय.”

“मग पेटीत का लपवल्या?” मी विचारलं.

आत्याबाई एकदम लाजल्या. “गाव हसलं असतं. ह्या वयात म्हातारी बंदूक खेळती म्हनून.”

मला हसू येत होतं, पण मी घड्याळाकडे पाहिलं. साहेबांची जीप नगरहून निघालेली होती. आणि सुनेच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती म्हणाली, “साहेब, तुमची चूक झाली ते जाऊ द्या. पण ज्या घरावर हत्यारासाठी छापा पडला, त्या घराला कलेक्टर परवाना देतील का? सहा महिने मी या दोघांना समजावतेय. आत्ता कुठे होकार मिळत होता.”

तिचा मुद्दा बरोबर होता. मी पंचनामा लिहायला बसलो आणि तो खरा लिहिला: लाकडी नग तीन, काजळी लावलेले, लुगड्यांखाली मिळाले. पंचांनी सह्या केल्या. एकाची सही हसण्याने हलली.

जीप आली. साहेबांबरोबर एक तरुण कॅप्टन होता. साहेबांनी पंचनामा वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या बदलीचं गाव दिसू लागलं. कॅप्टनने मात्र मधल्या मापाची कार्बाइन उचलली, सुनेच्या हातात दिली आणि नेम धरायला सांगितलं. तिने पाय रोवले, दस्ता खांद्याच्या खळग्यात बसवला, गाल टेकवला. कॅप्टन म्हणाला, “माझे काही जवान असे उभे राहत नाहीत.” मग साहेबांना म्हणाला, “रस्त्यापलीकडून मीसुद्धा फसलो असतो.”

तेवढ्यात माजी सैनिक जीप बघून जमलेल्या गर्दीतून छाती काढून पुढे आला. कॅप्टनने त्याला कुठल्या कामावर होतात म्हणून विचारलं. तो जरा घुटमळला. “लंगरखान्यात. पर जवान जेवाया येताना कारबाईन घिऊनच येत, साहेब.” कॅप्टनने त्याचा हात हातात घेऊन दक्ष राहिल्याबद्दल आभार मानले. साहेबांचा राग तिथे निम्मा उतरला.

उरलेला राग बागाईतदारांनी उतरवला, नकळत. त्यांनी साहेबांनाच विचारलं, “तुमीच सांगा, तिघांत एक बंदूक कुठली घ्यावी?”

साहेब म्हणाले, “तिघांत? परवाना एकाच्या नावाचा असतो. दुसऱ्याने ती चालवायची नाही. फार तर राखणदार म्हणून आणखी एका माणसाचं नाव परवान्यावर लावून घेता येतं.”

सहा महिन्यांच्या भांडणात हे कुणी विचारलंच नव्हतं. तिघंही एकमेकांकडे बघू लागले. दोनच नावं, माणसं तीन.

“सूनबाईचं नाव पयलं,” आत्याबाई म्हणाल्या. “तिला स्पर्धेत जायाचंय.”

“आन दुसरं माजं,” बागाईतदार म्हणाले.

“तुमी मळ्यात असता. वस्तीवर कोन असतंय?”

बागाईतदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे, कॅप्टनकडे, शेवटी बैलाकडे. कुठूनच मदत आली नाही. तेव्हा ते म्हणाले, “लावा कारभारनीचं. न्हाई तर मला घरात राहू द्यायची न्हाई ती.” पण म्हणताना त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, तो मी पाहिला.

सुनेच्या नावाने नवा अर्ज झाला. चौकशी अहवालात मी लिहिलं की घराची समक्ष आणि कसून तपासणी केली असता आक्षेपार्ह काही आढळलं नाही. साहेबांनी त्यावर सही करताना “कसून” या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली, एवढीच काय ती मला शिक्षा. परवाना आला, पुण्याहून आखूड रायफल आली. स्पर्धेला मी बंदोबस्ताच्या निमित्ताने हजर होतो. सून तिसरी आली. पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याबाईंनी स्पर्धेच्या पंचांना विचारलं, “म्हाताऱ्या बायांचा गट कवा हाय?”

या प्रकरणाने मला एक धडा दिला, तो पुढे नोकरीभर उपयोगी पडला. सुतार माझ्याशी एक शब्दही खोटा बोलला नव्हता. भला माणूस पोलिसाने विचारलं तेवढंच सांगतो. आपल्याला काय वाटतंय हे त्याला कुठून कळणार? खोटं बोलणाऱ्याला पकडणं त्यामानाने सोपं. खरं बोलणाऱ्याचं नीट ऐकायला मला फार वेळ लागला, आणि अजूनही मी त्यात पुरता तयार झालो आहे असं नाही.

पुढच्या वर्षी माझ्या बदलीचा हुकूम आला. सामान बांधत होतो, तेव्हा बागाईतदार ठाण्यात आले. इकडेतिकडे बघून दार लोटून घेतलं.

“साहेब, जाता जाता माज्या नावानं एक अर्ज लिवून द्या. बंदुकीचा.”

“घरात आहे की!”

“हाय. पर दोघी हात लावू देत न्हाईत. कायदा सांगत्यात.”

मी कागद पुढे घेतला. “कारण काय लिहू? डुकरं?”

“डुकरं आता येत न्हाईत. कारभारीन नेम धरून बसलेली असती.”

“मग स्वसंरक्षण लिहितो. कुणापासून धोका आहे?”

बागाईतदारांनी बंद दाराकडे एकदा पाहिलं, टोपी सारखी केली आणि हळू आवाजात विचारलं, “ते लिवायलाच लागतंय का?”