गप्प बसलेली जनुकं

माझ्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आई पुण्याहून सिंगापूरला आली. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवलं आणि तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. पडदे मळलेत, हिंगाला वासच नाही, तू वाळलीस किती. मीही काही कमी नाही. लहानपणी स्वतःच्या नावापेक्षा "गप्प बस गं जरा" हेच मी जास्त ऐकलंय. आम्ही दोघी एकत्र आलो की नवरा मुकाट्याने हेडफोन लावतो.

गाठ निघाली. आता केमो घ्यावी लागणार की गोळ्यांवर भागणार, एवढं ठरायचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, गाठीची जीन एक्स्प्रेशन टेस्ट करू, म्हणजे पुढे पसरायचा धोका किती याचा अंदाज येईल. मी घरी येऊन आईला नुसतं सांगितलं, "जीनची टेस्ट करतायत."

झालं, आईचं बोलणंच बंद. भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची, पण शब्द नाही. लिटिल इंडियातून आणलेली मेथी जून निघाली, तरी नवऱ्याला एक टोमणा नाही. मला वाटलं, केमोची धास्ती घेतली असेल. मीच ताट अर्धं टाकून उठत होते, तिला काय समजावणार?

आमच्याच मजल्यावर नागपूरची एक मुलगी राहते. कॅन्सरवर संशोधन करते. ऑपरेशनपासून ती अधूनमधून डबा आणायची. एका संध्याकाळी वरणफळं घेऊन आली, तर आईने डबा घेतला आणि तिचा हातच धरला.

"खरं सांग बाळा, माझ्याकडूनच आलं ना हिला? माझी मावशी अशाच गाठीने गेली. त्या टेस्टमध्ये तेच निघणार ना?"

जीन म्हणजे घराण्यातून आलेलं, एवढंच तिला ठाऊक. इतके दिवस ती मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत बसली होती, आणि मला पत्ता नाही.

"नाही हो काकू, ती टेस्ट वेगळी," ती मुलगी शांतपणे म्हणाली. "सगळ्या पेशींत जनुकं बहुतेक तीच असतात, पण सगळी एकदम बोलत नाहीत. काही बोलतात, काही गप्प असतात, त्यावर पेशी कशी वागणार ते ठरतं. पेशींना भराभर वाढवणारी, जागा सोडून भटकायला लावणारी जनुकं ताईंच्या गाठीत किती जोरात बोलतायत, तेवढं पाहणार. तुमच्याकडून काय आलं, ते यात पाहतच नाहीत."

"आणि आलं असतं तरी काय?" मी म्हटलं. "ही जीभ दिलीस, तिच्याबद्दल मी काही म्हटलं का?"

आई हसली, मग पदराने डोळे पुसत राहिली. त्या मुलीचे उपकार मी कसे फेडणार, मला माहीत नाही. वरणफळं तर काय, मी पुन्हा पुन्हा मागून खाल्ली.

रिपोर्ट आला, त्या दिवशी आई हट्टाने सोबत आली. धोका कमी आहे, केमो नको, गोळ्या मात्र बरीच वर्षं घ्यायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांनी ती गाठ तपासली, त्यांची तोंडं मी कधी बघणार नाही, पण त्यांना मनातून हात जोडले. मग आईकडे वळून म्हटलं, "ती जनुकं गप्प आहेत गं."

आईने मोठा श्वास सोडला.

"जन्मभर गप्प बस, गप्प बस म्हणून घसा कोरडा केला," ती म्हणाली. "शेवटी तुझ्यातल्या कुणीतरी ऐकलं माझं."