नसलेल्या प्रिंटरची सोय

लखनौच्या आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरला प्रिंटर कधी जोडलाच नव्हता. तरी वीज जाऊन आली आणि मशीन पुन्हा सुरू झालं, की छपाईची सर्व्हिस आपोआप चालू व्हायची आणि मी ती हाताने बंद करायचो. शेवटी वैतागून मी ती स्टार्टअपमधूनच काढून टाकली.

मग इन्स्पेक्शन आलं. आदल्या दिवशी साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. सगळ्या सर्व्हिसेस हिरव्या, ही एकच लाल. ‘ये लाल क्यों है?’ प्रिंटरच नाही, म्हणून मुद्दाम बंद ठेवलीय, हे मी नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘समझ गए. अब इसे हरा कर दीजिए.’ वाद घालायचं त्राण नव्हतं. केली चालू. दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले, समोसे खाऊन गेले. स्क्रीनकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी तेलीबागेतल्या घरी मुलीने विचारलं, ‘बाबा, आज ऑफिस में क्या किया?’

‘प्रिंटिंग चालू ठेवलं,’ मी म्हटलं.

‘अच्छा? तो मेरा प्रोजेक्ट प्रिंट करा लाए?’

मी पुन्हा चपला घातल्या आणि बाजारात प्रिंट काढायला निघालो.